घराचे गुपित, सरकारचे गुपित

फिलिप ग्रँबेर हे फ्रान्समधले मनोविश्लेषक. आपल्या घराच्या इतिहासावर त्यांनी २००४ मध्ये एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्यावरून क्लोद मिलेर यांनी २००७ मध्ये 'अं सक्रे', म्हणजे 'एक गुपित', हा चित्रपट काढला. मागे एका रविवारी आम्ही तीन-चार कुटुंबांनी तो एकत्र बसून पाहिला. चित्रपट संपला, चहा झाला, आणि मग जो वाद सुरू झाला तो रात्री उशिरापर्यंत चालला. शेवटी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी एक प्रश्न विचारला आणि सगळेच गप्प झाले. त्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री मला देता आले नाही. ते आज इथे देण्याचा प्रयत्न करतो.

आधी कथा सांगतो. युद्धानंतरच्या पॅरिसमध्ये फ्रांस्वा नावाचा एक अशक्त, सतत आजारी पडणारा मुलगा वाढतो आहे. त्याचे वडील मॅक्सिम आणि आई तानिया दोघेही देखणे, कमावलेल्या शरीराचे, खेळात तरबेज. वडिलांना हवा होता तसा मुलगा आपण नाही, हे पोराला कळते. मग तो मनातल्या मनात एक थोरला भाऊ रचतो. धाडसी, बळकट, सगळ्यात पुढे असणारा. एकदा माळ्यावर त्याला कापडाचा जुना कुत्रा सापडतो. ते खेळणे पाहताच आईचा चेहरा उतरतो, पण कोणी काही बोलत नाही. पुढे शाळेत छळछावण्यांवरचा माहितीपट दाखवला जात असताना वर्गातला एक मुलगा मेलेल्या ज्यूंची टिंगल करतो आणि हा हडकुळा फ्रांस्वा त्याच्यावर तुटून पडतो. तेव्हा या घराची जुनी सोबतीण असलेली लुईज त्याला जवळ बसवून खरी हकिकत सांगते.

तुला भाऊ खरोखरच होता. त्याचे नाव सिमोन. मॅक्सिमची पहिली बायको हाना, तिचा तो मुलगा. तानिया ही हानाच्या भावाची, रोबेरची, बायको. मॅक्सिमने तिला पहिल्यांदा पाहिले ते हानाशी लग्न लागले त्या दिवशी, आणि तेव्हापासून ती त्याच्या मनातून गेली नाही. मग युद्ध आले. रोबेर शत्रूच्या कैदेत गेला तो परतला नाही. मॅक्सिम जर्मनांच्या ताब्यातला प्रदेश सोडून रेषेपलीकडे गेला. मागून हाना, सिमोन आणि लुईज यांनी जायचे असे ठरले. निघण्यापूर्वी हानाला कळले की तानिया आधीच तिथे पोहोचली आहे. रेषेजवळच्या एका कॅफेत अधिकाऱ्यांनी कागद मागितले. हानाजवळ दोन कागद होते. एक बनावट, जीव वाचवणारा. दुसरा खरा. तिने खरा पुढे केला, आणि हा मुलगा माझाच, असेही सांगितले. माय-लेकरे आउश्वित्झला गेली. युद्धानंतर मॅक्सिम आणि तानियाने लग्न केले, ग्रिनबर्ग या आडनावातली दोन अक्षरे बदलून ग्रँबेर असे नाव लावले, आणि हाना व सिमोन ही दोन नावे घरातून नाहीशी झाली. दिग्दर्शकाने फ्रांस्वाचे प्रौढपण काळ्या-पांढऱ्या रंगात आणि भूतकाळ रंगीत दाखवला आहे. ज्यांच्या घरात न बोललेले काही असते त्यांना हा उलटा हिशेब पटकन समजतो.

आमच्या बैठकीतला वाद हानाभोवती फिरला. एक शिक्षिका म्हणाल्या, "आई असे करूच शकत नाही. स्वतः मरेल, पण लेकराला नाही नेणार." त्यांच्या जाऊबाईंचे मत अगदी उलट होते. "ज्या नवऱ्याने मन मोडले, त्याचे सर्वात लाडके जे, तेच तिने हिरावून नेले. हा सूड होता." कोणी दोष मॅक्सिमला दिला, कोणी तानियाला. महाविद्यालयात जाणारी एक मुलगी म्हणाली की ती बाई थकली होती, खोट्या नावाने जगण्याचे तिला ओझे झाले असेल. या चारही मतांत काही ना काही तथ्य आहे. मग कोपऱ्यात इतका वेळ शांत बसलेल्या त्या ज्येष्ठांनी विचारले, "हे सगळे ठीक आहे. पण गाझात रोज आपली लेकरे मारली जाताना आपण ज्यूंच्या लेकरासाठी का रडायचे?"

त्या रात्री घरी परतताना माझ्या लक्षात आले की आम्ही दोन तास हानाची उलटतपासणी घेतली, पण एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. ती रेषा कोणी आखली होती? आणि तो 'खरा' कागद कोणी तयार केला होता?

जून १९४० मध्ये फ्रान्स हरले. २२ जूनच्या युद्धविराम कराराने देशाचे तुकडे झाले. उत्तर भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मन सैन्याकडे गेला, दक्षिणेत मार्शल पेतँ यांचे सरकार विशी या गावातून कारभार पाहू लागले. हानाला ओलांडायची होती ती हीच रेषा. २७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनांनी आपल्या ताब्यातल्या भागातील ज्यूंची नोंदणी करण्याचा हुकूम काढला. पण ती केली फ्रेंच पोलिसांनी. पॅरिस आणि परिसरातल्या सुमारे दीड लाख ज्यूंनी आपापल्या पोलीस ठाण्यात जाऊन नावे नोंदवली. लपवण्यासारखे आपण काही केलेले नाही, कायदा पाळला तर कायदा आपल्याला पाळेल, असा त्यांचा भाबडा विश्वास होता. पोलीस मुख्यालयात या नोंदींची कार्डे झाली. नावानुसार, रस्त्यानुसार, राष्ट्रीयत्वानुसार आणि धंद्यानुसार ती लावून ठेवली गेली. ओळखपत्रांवर 'ज्यू' असा शिक्का पडला. ३ ऑक्टोबर १९४० रोजी विशी सरकारने ज्यूंना सरकारी नोकऱ्या, शिक्षण, वृत्तपत्रे यांतून हाकलणारा कायदा केला. त्यासाठी जर्मनांनी हुकूम दिलेला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जून १९४२ पासून जर्मनव्याप्त भागात सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूच्या छातीवर पिवळा तारा आला.

मग ती कार्डे कपाटातून बाहेर निघाली. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस आणि उपनगरांत पहाटेपासून दारे ठोठावली गेली. ठोठावणारे हात फ्रेंच पोलिसांचे होते. दोन दिवसांत १३,१५२ माणसे पकडली गेली. ३,११८ पुरुष, ५,९१९ स्त्रिया आणि ४,११५ मुले. मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना वेलोद्रोम दिव्हेर या सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कोंडले गेले. तिथे पुरेसे पाणी नव्हते, शौचालये नव्हती. तिथून त्यांना लॉरे जिल्ह्यातल्या छावण्यांत नेले. तिथे मुलांना आयांपासून तोडले गेले. आया आधी गेल्या, मुले मागून. जर्मनांनी सुरुवातीला लहान मुले मागितलीही नव्हती. सोळा वर्षांखालील मुलांनाही सोबत पाठवावे, असे सुचवले ते विशी सरकारचे प्रमुख पिएर लावाल यांनी.

हानाचा 'खरा' कागद असा तयार झाला होता. तो पुढे करणे ही तिची चूक की तिचा सूड, यावर आपण वाटेल तितके वाद घालू. पण ज्या देशात आईला लेकरू वाचवण्यासाठी स्वतःचे नाव खोटे सांगावे लागते, तिथे पहिला आरोपी ती आई नसते.

फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू हद्दपार केले गेले. त्यात सुमारे ११,००० मुले होती. परतले अडीच हजारांच्या आसपास. पण हेही सांगितले पाहिजे की तिथल्या ज्यूंपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश वाचले, आणि त्यात सामान्य फ्रेंच माणसांचा मोठा वाटा होता. कोणी शेतावर लपवले, कोणी मठात, कोणी आपले आडनाव दिले. तुलूझचे आर्चबिशप सालियेज यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चमधून वाचून दाखवायला पत्र धाडले, की हे ज्यू आपले भाऊबंद आहेत. म्हणजे दुसरा मार्ग होता, आणि तो अनेकांनी निवडला होता.

युद्ध संपले आणि घरोघर मौन पसरले. मॅक्सिमच्या घरातले मौन त्यातलेच एक. त्या मौनात दुःख होते, अपराधाची बोच होती, आणि पुन्हा कधी यादीत नाव येऊ नये ही भीतीही होती. म्हणून तर आडनावाची अक्षरे बदलली. अशा मौनाची कीव येते, राग येत नाही.

पण त्याच काळात दुसरे एक मौन सरकारी दफ्तरात नांदत होते. विशीचे सरकार म्हणजे खरे फ्रान्स नव्हेच, अशी अधिकृत भूमिका घेतली गेली. म्हणजे गुन्ह्याला मालक उरला नाही. आलँ रेने यांनी छळछावण्यांवर 'रात्र आणि धुके' या अर्थाच्या नावाचा माहितीपट केला, तेव्हा १९५६ मध्ये सेन्सॉरने एका छायाचित्रावर बोट ठेवले. त्यात फ्रान्समधल्या एका छावणीवर पहारा देणाऱ्या शिपायाची टोपी दिसत होती, आणि ती टोपी फ्रेंच होती. ती झाकावी लागली. मार्सेल ओफ्युल्स यांनी १९६९ मध्ये पूर्ण केलेला जर्मन ताब्यातील फ्रान्सवरचा माहितीपट फ्रेंच दूरचित्रवाणीवर दिसायला १९८१ साल उजाडले. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवून दिले की विशीने अनेक गोष्टी जर्मनांच्या दबावाशिवाय, आपणहून केल्या. सर्ज क्लार्सफेल्ड यांनी १९७८ मध्ये हद्दपार झालेल्यांची नावे गाडी-गाडीनुसार छापली. सिमोनसारख्या मुलांचा ठावठिकाणा त्यांच्या नातलगांना अशाच याद्यांतून कळला. पोलिसांच्या यादीने मारलेल्यांना नावे परत दिली तीही एका यादीनेच. शेवटी १६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केले की त्या दिवशी आक्रमकांना फ्रेंच राज्याने साथ दिली. दार ठोठावल्यापासून या कबुलीपर्यंत त्रेपन्न वर्षे गेली.

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे वळतो. त्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात आहे. त्याचे नाव मोरिस पापोँ. १९४२ ते १९४४ या काळात तो बोर्दो इथे बडा अधिकारी होता. ज्यूंना पकडून पॅरिसजवळच्या द्राँसी छावणीकडे पाठवण्याच्या हुकमांवर त्याच्या सह्या आहेत. युद्धानंतर त्याला कोणी विचारले नाही. तो बढत्या घेत गेला, वसाहतीतल्या अल्जेरियात जाऊन आला आणि १९५८ मध्ये पॅरिसचा पोलीसप्रमुख झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना, पॅरिसमध्ये अल्जेरियन मुसलमानांची मोठी धरपकड झाली. त्यांतल्या अनेकांना कुठे कोंडले? त्याच वेलोद्रोम दिव्हेरमध्ये. सोळा वर्षांपूर्वी जिथे ज्यू मुले पाण्यासाठी रडली होती, तिथेच. पुढच्या वर्षी ती इमारत पाडण्यात आली.

ऑक्टोबर १९६१ मध्ये पापोँने फक्त अल्जेरियनांसाठी रात्रीची संचारबंदी लावली. तिच्या निषेधार्थ १७ ऑक्टोबरला हजारो अल्जेरियन स्त्री-पुरुष निःशस्त्र, चांगले कपडे घालून पॅरिसच्या रस्त्यांवर उतरले. पोलिसांनी गोळ्या घातल्या, दंडुक्यांनी मारले, कित्येकांना सीन नदीत फेकले. बारा हजारांच्या आसपास लोक पकडले गेले. सरकारने तेव्हा दोन-तीन मृत्यू सांगितले; इतिहासकार काही डझनांपासून दोनशेपर्यंत सांगतात. एका अल्जेरियन कुटुंबातली पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी त्या दिवशी घरातून निघून गेली. दोन आठवड्यांनी तिचा मृतदेह कालव्यात सापडला. पोलिसांनी आत्महत्या अशी नोंद केली, बापाची सही घेतली, आणि धाकट्या भावंडांना वर्षानुवर्षे तेच सांगितले गेले. हेही घराचे गुपितच. फ्रांस्वाच्या घरातल्यासारखेच, फरक इतकाच की या घरातल्या मोठ्यांना ते पोलिसांनी लिहून दिले होते.

पापोँ पुढे मंत्रीही झाला. १९८१ मध्ये एका साप्ताहिकाने बोर्दोची कागदपत्रे छापली, आणि सोळा वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, खटला उभा राहिला. तो ज्यूंच्या हद्दपारीचा होता. पण त्यात इतिहासकार झाँ-लुक एनोदी यांनी साक्ष दिली ती अल्जेरियनांच्या १७ ऑक्टोबरविषयी. २ एप्रिल १९९८ रोजी पापोँला दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यूंच्या आप्तांनी मिळवलेल्या त्या न्यायालयात मुसलमानांच्या मृतांची नावे प्रथमच इतक्या मोठ्याने ऐकू आली. त्यानंतर २००१ मध्ये सीनवरच्या साँ-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक लागला, २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी रक्तरंजित दडपशाही झाल्याचे मान्य केले, आणि मार्च २०२४ मध्ये फ्रेंच संसदेने निषेधाचा ठराव केला. एक गुपित फुटले म्हणून दुसरे फुटले.

आणखी एक धागा आहे. मॅक्सिमची भूमिका करणारे पात्रिक ब्रुएल यांचे जन्माचे आडनाव बेंगिगी. ते अल्जेरियातल्या तिलिमसान शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मले. फ्रेंच सरकारने १८७० मध्ये अल्जेरियातल्या ज्यूंना नागरिकत्व दिले आणि मुसलमानांना प्रजा म्हणूनच ठेवले. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भिंत घातली. विशी सरकारने ७ ऑक्टोबर १९४० रोजी ज्यूंचे ते नागरिकत्वही काढून घेतले. मुसलमान खूश होतील असा हिशेब असावा. पण मेस्साली हाज यांच्यासारख्या पुढाऱ्याने स्पष्ट भूमिका घेतली, की ज्यूंचे हक्क काढल्याने मुसलमानांना एकही हक्क मिळत नाही. तुरुंगवास भोगणाऱ्या त्या माणसाला जे दिसले, ते आपल्याला आज दिसायला अडचण नसावी.

पॅरिसच्या मोठ्या मशिदीची गोष्टही इथे सांगायला हवी, पण फुगवून नव्हे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या मशिदीचे प्रमुख सी कद्दूर बेनगाब्रित होते. सप्टेंबर १९४० च्या एका सरकारी टिपणात नोंद आहे, की मशिदीचे लोक ज्यूंना मुसलमान असल्याचे खोटे दाखले देतात असा जर्मनांना संशय आहे. अल्जेरियन ज्यू गायक सलीम हलाली अशाच आधारावर वाचला. किती जण वाचले यावर इतिहासकारांत मोठा मतभेद आहे. काही जण हा आकडा शेकड्यांत सांगतात, काही अगदी थोडा. आपण छाती फुगवण्यासाठी मोठा आकडा उचलू नये. एक जीव वाचला असेल तरी ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. आणि पाहा, तो दाखलाही एक खोटा कागदच होता. हानाने जो दाखवायचे नाकारले तसला.

त्या ज्येष्ठांचे दुःख खोटे नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात हजारो मुले मारली गेली, आणि ते पाहून ज्याच्या पोटात कालवत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण सिमोन मेला तेव्हा इस्रायल नावाचे राष्ट्र अस्तित्वातच नव्हते. त्याच्या मरणाचा हिशेब तिथल्या कोणत्याही सरकारने दाखवून गाझाचे समर्थन करू नये, आणि आपणही गाझाचा हिशेब त्याच्यावर मांडू नये. कोकणातल्या आपल्या आजी-आजोबांना ज्यू म्हणजे अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायली माहीत होते. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. ते आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. मुंबईतल्या मस्जिद बंदरचे नाव १७९६ मध्ये बांधलेल्या त्यांच्या प्रार्थनास्थळावरून पडले, असे सांगितले जाते. शेजाऱ्याची ओळख आपण बातम्यांतून करून घेऊ लागलो, ते अलीकडे.

आपण सिमोनसाठी का रडायचे, तर ज्या कपाटातून त्याचे कार्ड निघाले, त्या कपाटाला धर्म नव्हता म्हणून. आज त्यात कोणाची कार्डे आहेत, एवढाच त्याचा प्रश्न असतो. ज्याने एकदा ते उघडले आणि ज्याला कोणी जाब विचारला नाही, तो दुसऱ्यांदा उघडतोच. पापोँने उघडले.

चित्रपटाच्या शेवटी मोठा झालेला फ्रांस्वा आपल्या मुलीला घेऊन एका हवेलीच्या बागेत जातो. तिथे लहान लहान थडगी आहेत, नीट राखलेली, नावे कोरलेली. ती कुत्र्यांची आहेत. ती बाग लावालच्या मुलीची. ज्या लावालने मुलांनाही गाडीत चढवायला सांगितले, त्याच्या घरच्या कुत्र्यांना कबर मिळाली. सिमोनला मिळाली नाही. आपल्याकडे जनाज्याच्या नमाजला अनोळखी माणूसही रांगेत उभा राहतो, कोणाचा मृतदेह आहे हे न विचारता. हाना, सिमोन आणि सीनच्या पाण्यात गेलेले ते अल्जेरियन यांच्यासाठी अशी रांग कधी लागली नाही. त्यांची नावे घेणे, न झाकता घेणे, एवढेच आता आपल्या हाती आहे. त्या ज्येष्ठांना मी हा लेख आधी वाचून दाखवला. ते काही वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "त्या पोराचे नाव काय होते म्हणालास? पुन्हा एकदा सांग."